गच्चीवरची वलांडी

लग्न होऊन माहेराहून, चिंचणीहून, नाशिकला निघाले तेव्हा एसटीत आईने माझ्या मांडीवर डबा ठेवला. आत सुके बोंबील. "वासाला नाकं मुरडतील बाय. मुरडू दे. तू झाकण घट्ट लाव." रडली, पण डोळे पुसले नाहीत. सकाळपासून मासळीत होती, खारट हात डोळ्यांना झोंबले असते. गाडी हलताच ती लगबगीने माघारी वळली. बोंबील वलांडीवर टाकून आली होती ना, कावळ्यांच्या भरवशावर.

गाव सोडून माझ्यासारखी घाटावर आलेली माणसं वलांडी विसरली नसतील. त्यांच्या सुनांसाठी सांगते: बांबू रोवायचे, त्यांना आडव्या दोऱ्या बांधायच्या नि त्यांवर बोंबील वाळत टाकायचे. बोंबलाचा हंगाम नेमका दिवाळीत. गल्लीतल्या बाकी पोरी फुलबाज्या पेटवायच्या आणि मी आईच्या हाताखाली. माझा फराळसुद्धा मासळीच्या वासाचा.

आई गेली. धाकटा भाऊ हरेश तारापूरला कंपनीत शिफ्ट करतो, मासळी वाळवणार कोण? तो फोनवर म्हणायचा, "ताई, वलांडी तशीच उभी आहे. तू ये नि सांग काय करायचं." मी गेले नाही. कधी गुडघा दुखायचा, कधी पाहुणे यायचे, एकदा तर गॅसचा सिलिंडर आडवा आला. खरं कारण एवढंच, की त्या रिकाम्या दोऱ्या बघायची माझी छाती नव्हती. आईशिवायचं माहेर मला बघायचंच नव्हतं.

यंदाच्या दिवाळीत मुलं म्हणाली, "आई, डोळे मिट आणि गच्चीवर चल." म्हटलं, आणलं असेल पाय चेपायचं मशीन. गेल्या वर्षीचं अजून खोक्यातच आहे.

डोळे उघडले तर वाळू भरलेल्या डब्यांत बांबू उभे. आईचे! एकाला फट गेली होती, तिथे आईने जाळ्याची निळी दोरी करकचून गुंडाळली होती. ती दोरी मी कुठेही ओळखीन. पोरं आदल्या दिवशी मामाकडे जाऊन, बर्फात ताजे बोंबील घालून पहाटेच निघून आली होती. आणि टांगले होते कसे, तर एकेकटे, शेपटीला कपड्यांचे चिमटे लावून! लाल, पिवळे, हिरवे. ओले बोंबील चिमट्यांतून सटासट निसटत होते. निम्मे तर फरशीवरच.

"गाढवांनो, बनियन आहेत का हे?" मी इतकी हसले, इतकी हसले, की रडायला कधी लागले ते कळलंच नाही.

मग पदर खोचला. एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर दोन्ही बाजूंना सोडायची. इतक्या वर्षांनी हात विचारायला थांबले नाहीत. लेकीच्या बोटाला दात लागला, ती ओरडली. "एकटा टांगू नको बाय, एकटा सटकतो," हे तिला मी म्हणाले खरी, पण आवाज ऐकून माझी मीच चपापले. पुरती आई बोलत होती. तेवढ्यात खालच्या काकू नाकाला रुमाल लावून वर आल्या. त्यांना म्हटलं, दोनचार दिवस सोसा, मग चटणी देते. आता चटणी कधी म्हणून त्याच विचारतात.

मुलाला विचारलं, "मामाने बांबू दिलेच कसे?"

"निम्मेच दिले. म्हणाला, बाकीचे इथंच उभे राहतील. त्यांच्यावर काय टांगायचं ते ताईने येऊन सांगावं."

सिलिंडर भरलेला आहे. गुडघा कधीच फारसा दुखत नव्हता. बोंबील कडकडीत वाळलेत. मुलांचे डबे भरले, आता उरलेले घेऊन मी निघतेय. चिंचणीला सुकी मासळी नेणारी मी पहिलीच असेन, हसा खुशाल! पण आईची निम्मी वलांडी इथे आणि निम्मी तिथे आहे, आणि आता मला दोन्हीकडे घर आहे.

हरेश, दोऱ्या तेवढ्या ताणून ठेव.