साठाव्या फरशीपर्यंत

आमच्या गल्लीत असं बोललं जातं की आत्याला कुणीतरी पुरुष सोडून गेला आणि ती रोज सकाळी त्याच्या नावाने रडून यायची. पुरावे भक्कम होते. पावणेसहाला बाई चेनची पिशवी घेऊन निघायची. साडेसातला परतायची तेव्हा डोळे लालभडक, नाक सुजलेलं, केस ओले, आणि कुणाशी चकार शब्द नाही. केस ओले का, यावरही समोरच्या इस्त्रीवाल्याच्या बायकोकडे उत्तर तयार होतं. "अगं, एवढं रडल्यावर माणूस डोक्यावरून पाणी घेणारच ना!"

तर खरं काय ते सांगते. पुरुषबिरुष कुणी नाही. डोळे लाल व्हायचे ते पोहण्याच्या तलावात टाकतात त्या औषधाने. आणि बोलायची नाही ती नाकातोंडात पाणी गेलेलं असायचं म्हणून. दुकान उघडलं की तोंडात टाचण्या असतात, म्हणजे तेव्हाही बोलायची सोय नाहीच.

आत्या माझ्या बाबांची मोठी बहीण. आमच्या घराखालच्या गाळ्यात ती कपडे शिवते. एक मशीन, एक इस्त्री, एक आरसा आणि एक पडदा, ज्याच्या मागे गिऱ्हाईक अर्धं मावतं. गळ्यात टेप, ओठांत चार टाचण्या, आणि त्या टाचण्यांच्या फटीतून येणारा आवाज, जो मला हुबेहूब काढता येतो. "हात वर. खाली. काका, पोट आत घेऊ नका. कपडा तुमच्या पोटावर बसवायचाय, इच्छेवर नाही."

लहानपणी बाबा तळ्यावर पोहायला शिकले. आत्याला कुणी पाण्यात उतरू दिलं नाही. ती काठावर बसून भावाचे कपडे राखायची आणि बसल्या बसल्या त्याच्या शर्टाची तुटकी बटणं लावायची. "त्यातूनच धंदा मिळाला की नाही तुला?" असं बाबा अजून म्हणतात, जणू उपकारच केलेत. शेहेचाळिसाव्या वर्षी एके दिवशी आत्या उत्तरली, "बटणं झाली लावून," आणि जाऊन बायकांच्या सकाळच्या बॅचमध्ये नाव घालून आली. तलाव या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात पार करायचा, मध्ये काठाला हात लावायचा नाही. बस्स, एवढंच हवं होतं तिला.

पहिल्याच दिवशी तिने पाण्यात उतरायच्या आधी काय केलं असेल? काठाचं माप घेतलं. साठ फरश्या भरल्या. टेपही साठ इंची. आत्याला हे फारच आवडलं. दुकानात आरशाशेजारी तिने एक जुना टेप उभा ठोकला आणि ठरवलं, एक फरशी म्हणजे एक इंच, जिथवर पोचलो तिथे टाचणी.

चार महिने टाचणी शून्यावर होती. शिकवणारे मास्तर शिट्टी फुंकून दमले. "पाय, पाय, पाय! बाई, पाय तुमचेच आहेत ना?" पाचव्या महिन्यात टाचणी दोन इंच वर सरकली, तर आत्याने गल्लीला पेढे वाटावेत अशा थाटात दुकानभर केर काढला. पुढे नऊ, मग पंधरा. मध्ये तापाने महिना गेला, तेव्हा परत आल्यावर तिने आपल्याच हाताने टाचणी बावीसवरून चौदावर आणली. मी म्हटलं, "अगं, कोण बघतंय?"

"मी," टाचण्यांतून आवाज आला.

थंडी असो, लग्नसराईचे ढीगभर ब्लाउज असोत, सकाळी पिशवी निघायचीच. तीन वर्षांत टाचणी एकेचाळीसवर पोचली आणि तिथेच रुतली. सहा महिने हलेना. आणि तेवढ्यात तलावाच्या फाटकावर कागद लागला की महिनाअखेर तलाव बंद, तळ फोडून नवा करणार, एक वर्ष काम चालेल.

"वर्षभर पाणी सुटलं तर पुन्हा शून्य," आत्या म्हणाली. टाचण्या तोंडातून काढून म्हणाली, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

मला अशा वेळी गप्प बसवत नाही. "आत्या, पैज! महिनाअखेरपर्यंत साठ होत नाहीत."

"लाव. काय?"

"मी जिंकले तर मला गुडघ्यावर फाटलेली जीन्स शिवून द्यायची. तुझ्या हाताने फाडून."

आत्याच्या चेहऱ्यावरून जणू गरम इस्त्री फिरली. फाटकी जीन्स हा शब्द तिच्या दुकानात शिवीसारखा आहे. "आणि मी जिंकले तर तू माझ्याकडे वर्षभर रोज एक काज करायचं. हाताने. रोज. ताप आला तरी."

"मंजूर!" मी टाळी दिली, कारण मला एक गोष्ट माहीत होती.

आत्याचा पोहण्याचा पोशाख तिने स्वतः शिवला होता. दुकानातला रेडीमेड बघून ती म्हणाली होती, "याला शिवण म्हणतात? चिकटवलंय नुसतं." मग तिने घेतलं जाड सुती कापड. आतून अस्तर. गुडघ्यापर्यंत चुण्यांचा घेर. सगळीकडे दुहेरी टीप, आणि किल्लीसाठी झाकणाचा खिसा. दोन पिढ्या टिकेल असं काम! पण ते पाणी असं प्यायचं की सुट्टीच्या दिवशी ते पिळायला आम्ही दोघी लागायचो, एक या टोकाला, एक त्या टोकाला. मास्तरांनी एकदा "बाई, तो ड्रेस जरा..." एवढंच म्हटलं होतं. आत्याने चष्म्यावरून पाहिलं, आणि मास्तरांनी तो विषय कायमचा सोडला. ती तीन वर्षं कमरेला धोंडा बांधून पोहत होती आणि हे तिला सोडून सगळ्यांना कळत होतं. पैज लावल्यावर मी तोंडात मिठाची गुळणी धरली.

पण मला नकलांची खोड. दहा दिवस उरले होते. रविवारी दुपारी बाबा म्हणाले, "मास्तर करून दाखव." केले. "आता ताई कर." मग मी बादलीत चादर भिजवली, निथळती चादर कमरेला गुंडाळली, स्टुलावर पालथी पडले आणि हातपाय मारायला लागले. बाबा हसून हसून भिंतीला टेकले. तेवढ्यात दारात आत्या, सवयीने ओठांत टाचण्या. तीही हसली. मग तिने विचारलं, "चादर कशाला गं?"

"अगं, तुझा ड्रेस नाही का! पाणी प्यायला की..."

बोलले आणि जीभ चावली. उशीर झाला होता. आत्याने तोंडातली एक टाचणी काढली, मग दुसरी. "दे इकडे." चादर हातावर घेऊन तिने तिचं वजन जोखलं, कापडाचा तागा जोखतात तसं. खाली गेली. सुट्टीचा दिवस असूनही दुकानातून टीप उसवल्याचा आवाज येत राहिला. चर्र, चर्र, चर्र.

दुसऱ्या दिवशी नवा पोशाख होता, रेनकोटाच्या उरलेल्या पातळ अस्तराचा. घेर नाही, खिसा नाही, पण दुहेरी टीप होतीच. त्या सकाळी टाचणी एकेचाळीसवरून थेट त्रेपन्नवर गेली. मी जेवले नाही.

शेवटच्या दिवशी सगळ्यांच्या घरच्यांना आत सोडलं होतं. आत्याने चष्मा, टॉवेल आणि कपड्यांची पिशवी बाबांच्या मांडीवर ठेवली. "राख," म्हणाली. बाबा पिशवी धरून गुमान बसले.

मी काठाने फरश्या मोजत चालले होते. त्रेपन्न. चोपन्नला ती थांबली, उताणी झाली, आणि काठाला हात न लावता आभाळाकडे बघत नुसती तरंगत राहिली. माझ्या मनात जीन्स फाटायला लागली. मास्तर ओरडले, "पाय!" बाबा पिशवीसकट उभे राहिले. "ताई, पाय!" आत्या परत पालथी झाली. अठ्ठावन्न. एकोणसाठ. मग भिंतीवर तिचा तळवा फाटकन बसला.

डोळे लालभडक, नाक सुजलेलं. मग धापा टाकत पहिलं वाक्य माझ्याकडे बघून आलं, "सुई बारीक घे."

आज माझं एकतिसावं काज आहे. एक बाजू लांब, एक आखूड. आत्याने बोट फिरवून पाहिलं आणि टाचण्यांतून म्हणाली, "उसव."