झाडं सुकवणारं हेलिकॉप्टर

उत्तनजवळच्या चौक गावात ॲग्नेसमावशीचं घर आमच्या घराला लागून आहे. मागे तिची छोटी वाडी. वांगी, मुळा, चवळी, थोडी मिरची. भाजी निघाली की टोपल्या भरून ती भाईंदरच्या बाजारात जाते. तिच्याबद्दल मी जे सांगतेय त्यातलं बरंचसं माझ्या डोळ्यांदेखत घडलंय, उरलेलं तिनेच मला सांगितलंय.

तिचा नवरा मॅन्युएल मासेमारीला गेला आणि परत आला नाही. बोट मिळाली, माणूस मिळाला नाही. तेव्हा एक हेलिकॉप्टर समुद्रावर त्याला शोधत होतं. मध्येच पाण्याच्या अगदी जवळ यायचं, पुन्हा वर जायचं. ते जिथे खाली येई तिथे मावशी नजर लावून बसायची. मग एका सकाळी ते आलंच नाही. तेव्हापासून आकाशात तसला आवाज आला की ती हातातलं काम टाकून घरात जाते आणि दार लावून घेते. आम्ही कुणी त्यावर काही बोलत नाही.

मुलगा रुबेन तेव्हा शाळेत होता. मावशीने त्याला एकच सांगितलं होतं, "पाण्यावर जायचं न्हाय. जमिनीवरचं काय वाटेल ते कर." पुढे तो न्यूझीलंडला चेरीच्या बागेत फळं तोडायला गेला आणि तिथेच राहिला. फोनवर ती विचारायची, काय काम करतोस? तो म्हणायचा, "शेतीच, आई." रविवारी चर्चच्या पायरीवर ती हे सगळ्यांना अभिमानाने सांगायची.

मागच्या जानेवारीत ती टोपल्या घेऊन ॲशलीच्या रिक्षातून बाजारात निघाली होती. ॲशली रुबेनचा शाळेतला दोस्त. नाक्यावर गाड्या अडकल्या होत्या, म्हणून त्याने मोबाईल मागे तिच्यापुढे धरला. "आंटी, हे बघा. कालच आलंय."

व्हिडिओत एक हेलिकॉप्टर झाडांच्या शेंड्यांना जवळजवळ टेकून हळूहळू सरकत होतं. खाली पानं वेड्यासारखी हलत होती. मावशीचा चेहरा उतरला.

"कोण हरवलंय?" तिने विचारलं.

"हरवलं कोण न्हाय आंटी. झाडं सुकवतायत. पाऊस पडून गेलाय ना, चेरीवरचं पाणी उडवतायत पंख्याच्या वाऱ्याने."

हे तिच्या डोक्यात शिरेपर्यंत हेलिकॉप्टर खाली उतरलं, दार उघडलं आणि आतल्या माणसाने हेल्मेट काढलं. तो रुबेन होता.

ॲशलीला वाटलं ती खूश होईल. ती रिक्षातून उतरली. टोपल्या आतच राहिल्या. गाड्यांच्या रांगेतून ती उलट दिशेने चालायला लागली, चौकपर्यंत चालतच आली. वाटेत बस थांबली तरी चढली नाही. घरी येऊन ओट्यावर बसली, तेव्हा मी पाणी दिलं. तिने ग्लास धरला, पण प्यायली नाही. मलाच म्हणाली, "त्याला फोन लाव."

फोन लागला. पलीकडून रुबेन "आई? आई?" करत होता.

"तू चालवतोस?" शेवटी तिने विचारलं.

तो म्हणाला, "हो. आधी हेलिकॉप्टरात फवारणीचं औषध भरून द्यायचो. मग मालकानेच शिकवलं."

"शेती म्हणालास मला."

"शेतीच आहे ग. पाणी देठाजवळ साचलं की चेरी तडकते, हाताशी आलेलं पीक जातं. कडक थंडीत पहाटे वरची ऊबदार हवा खाली ढकलायची, म्हणजे मोहोर गोठत नाही. जिथे माणूस चढू शकत नाही त्या डोंगरावर खत टाकायचं, गवताचं बी टाकायचं, औषध फवारायचं. मोठ्या रानात गुरंसुद्धा हाकतात."

"गुरं?" ती म्हणाली. "त्या यंत्राने?"

"हो."

तिने फोन माझ्या हातात दिला. मला म्हणाली, "माणूस शोधता येत न्हाय त्यांना, आणि गुरं हाकतात." त्यानंतर कित्येक दिवस ती रुबेनशी मोजकंच बोलली. वाडीत खुरपं घेऊन बसायची आणि एकाच वाफ्यात बसून राहायची.

मे महिन्यात तो घरी आला. दाराशी रिक्षा थांबली, तो उतरला, आणि आम्ही दोघींनी एकदमच पाहिलं, त्याचा डावा पाय ओढला जात होता.

"हे काय?" मावशी म्हणाली.

"गेल्या वर्षी फवारणी करताना वायरीला लागलो. विजेच्या तारा उन्हात दिसत नाहीत."

"पडलास?"

"पडलो. पण खाली मऊ जमीन होती, नांगरलेली."

म्हणजे गेल्या वर्षी तो आला नाही, तेव्हा रजा नव्हती असं जे तिला कळवलं होतं ते खोटं होतं. तेव्हा तो तिथे हॉस्पिटलात होता. मावशी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. मग खाली बसून तिने त्याची पँट गुडघ्यापर्यंत वर केली, जखमेच्या व्रणावरून हात फिरवला. तो लहान पोरासारखा उभा राहिला.

तो राहिला तेवढे दिवस तिने त्याला परत जाऊ नको म्हणून एकदाही सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, "सांगितलं तर ऐकेल. मग माझ्याकडे बघत बसेल आयुष्यभर."

निघायच्या दिवशी बॅग रिक्षात ठेवताना रुबेन म्हणाला, "आई, आता लपवणार नाही. काम झालं, खाली उतरलो की रोज फोन करीन."

"उतरल्यावर न्हाय," ती म्हणाली. "चढायच्या आधी कर."

"कशाला? उगाच घोर लागेल तुला."

"लागू दे. तुझा बाप समुद्रात बुडत होता तेव्हा मी बाजारात बसून भाव करत होते. तुझ्या वेळेला मला ठाऊक पायजे."

रुबेनने मान हलवली.

आता तिकडे हंगाम चालू आहे. फोन येतो, तो म्हणतो, "चढतोय, आई." ती "बरं" म्हणते, आणि वांग्यांना पाणी घालायला लागते. ती सावरली असं मी म्हणणार नाही. परवा मी कुंपणापलीकडून पाहिलं, पाणी वाफ्याबाहेर वाहत होतं आणि ती नळी धरून तशीच उभी होती.