पिंगळी रोडचा ‘म्’

हे सगळं सुरू झालं मंगळवारी सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी. वेळ मला पक्की ठाऊक आहे, कारण पोरीला साडेनऊला औषध द्यायचं होतं आणि मी ह्यांच्या मनगटावरच्या घड्याळाकडं बघत होते. घड्याळ नीट दिसत होतं, कारण ह्यांचे दोन्ही हात वर होते. स्कूटर चालू होती.

गाडीवाल्यांचे किस्से असे साचत जातात. भांडी घासताना एक आठवतो, त्याच्या मागून दुसरा येतो, आणि कढई घासून होईपर्यंत सगळा पिंगळी रोड डोळ्यापुढून जातो. सातवी शिकलेली बाई मी, लिहायची सवय नाही. पण सांगायची आहे.

तर दोन्ही हात वर का होते?

समोरून वाघमारे गुरुजी त्यांच्या स्कूटरवर येत होते. गुरुजी परभणीला राहतात आणि पिंगळीच्या शाळेत शिकवतात. आमचे हे पिंगळीला राहतात आणि परभणीला एका ऑफिसात क्लार्क आहेत. म्हणजे रोज सकाळी दोघं एकमेकांच्या गावाला जातात आणि अर्ध्या रस्त्यात भेटतात. ह्यांना चौथीला गुरुजींनीच शिकवलेलं. आता उजव्या हातात एक्सलेटर, तो सोडला की गाडी मरते. डावा हात मोकळा, पण डाव्या हातानं गुरुजींना नमस्कार कसा करणार? म्हणून ह्यांनी दोन्ही जोडले!

स्कूटर सरळ कापसात गेली आणि धुऱ्याला, म्हणजे शेताच्या बांधाला, लागून आडवी झाली. मी कापसात, सात महिन्यांची पोरगी माझ्यावर, आणि हे गाडीखाली. पोरगी जागीसुद्धा झाली नाही.

गाडीखालून हे म्हणाले, “नमस्कार, गुरुजी!”

गुरुजी सवयीनं म्हणाले, “बस, बस! उठू नकोस!”

आणि पुढं गेले. थोड्या अंतरावर त्यांच्या ध्यानात आलं, मग वळून आले.

*

त्या दिवसापासून मागं बसले की मी मोजायला लागले. पिंगळी ते परभणी, एका फेरीत सतरा नमस्कार. म्हणजे सतरा वेळा हँडल मोकळं. संध्याकाळी स्कूटरचा आवाज कानावर येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसायचा. पोरगी रडली तरी मला ते सतरा आठवायचे.

मी ह्यांना म्हटलं, “उद्यापासून कुणाला हात करायचा न्हाई.”

“अगं, माणूस समोरून यायलाय आणि मी न बघितल्यासारखं जाऊ? लोक म्हणतील, क्लार्क झाला आणि माजला!”

“आणि तुमी पडल्यावर मला काय म्हणतील, ते इचारलं का लोकांना?”

ह्यांनी रस्त्यावरच्या ओळखीच्यांना निरोप धाडले. रविवारी फाट्यावरच्या हॉटेलात मीटिंग ठरली.

*

मीटिंगला चौघं होते. आमचे हे, गुरुजी, फटफटीवाले बापूराव देशमुख आणि मोपेडवाले रशीदभाई. रशीदभाई गावोगावची अंडी गोळा करून परभणीला नेतात, मागं ट्रे बांधलेले. मी बाहेर स्कूटरवर पोरीला घेऊन बसले होते. सगळं ऐकू येत होतं.

बापूराव म्हणाले, “डाव्या हातानं केलं तर काय बिघडलं? मोकळाच असतोय की.”

गुरुजी म्हणाले, “बापूराव, सकाळी उठल्यावर डावा हात तुम्ही कशाला वापरता?”

बापूराव चहा पिऊ लागले. कप ठेवून म्हणाले, “मग पाय काढू बाहेर. ब्रेकचा न्हाई, दुसरा.”

आमचे हे म्हणाले, “म्हणजे आता तुमी आमाला येता-जाता पाय दाखवणार?”

रशीदभाईंनी सुचवलं, “हॉर्न बजाव ना सब! आसान बात.”

“तुमच्या मोपेडला हॉर्न हाय का, रशीदभाई?”

“नै. मैं मुँह से बजातूं.”

शेवटी ठरलं की हात दोन्ही हँडलवर ठेवायचे आणि नुसती मान खाली हलवायची. वर हलवायची नाही. वर हलवली की “काय रे?” असा अर्थ होतो आणि भांडण लागतं.

*

मान चार दिवस चालली. तुम्ही आमचा रस्ता बघितलाय का? पावसाळ्यानंतर तर खड्ड्यात रस्ता शोधायचा! समोरून येणारा प्रत्येक माणूस मान हलवतच येतो. त्यात आपला कोणता आणि खड्ड्याचा कोणता, हे कसं कळणार?

पाचव्या दिवशी एका अनोळखी माणसानं मान हलवली. ह्यांनी हलवली. त्यानं पुन्हा हलवली, कारण तिथं दोन खड्डे आहेत. ह्यांना वाटलं, काहीतरी बोलायचं असेल, म्हणून थांबले. तो पण थांबला. मग एकमेकांना ओळखत नाही असं कसं म्हणायचं? हे त्याला घरी घेऊन आले. मी पिठलं टाकलं. त्यानं तीन भाकरी खाल्ल्या, पोरीच्या गालाला हात लावला, “येतो, वहिनी,” म्हणाला आणि गेला.

मी ह्यांना विचारलं, “कोण होते?”

हे म्हणाले, “मी तुलाच इचारणार होतो. तुझ्या माहेरचे नव्हते का?”

*

मग मान बंद झाली आणि तोंडानं ओरडणं सुरू झालं. ते आणखी वाईट! ओरडलेलं समोरच्याला ऐकू जावं म्हणून माणूस मागं वळून बघतो. हात हँडलवर, गाडी परभणीकडं आणि डोळे मागं गंगाखेडकडं!

त्यात ती नामांतराची वर्षं. विद्यापीठाच्या नावावरून गावंच्या गावं दोन बाजूंना झाली होती. कोण कुणाला काय म्हणून नमस्कार करतो, तिकडं लोक कान लावून असायचे.

बापूराव आणि गुरुजी, दोघंही भिडस्त. बापूरावांनी विचार केला, गुरुजी वयानं मोठे, आपण त्यांच्या पद्धतीनं म्हणावं. गुरुजींनी विचार केला, बापूराव नेहमी अदबीनं बोलतात, आपण त्यांच्या पद्धतीनं म्हणावं. एका सकाळी दोघं समोरासमोर आले. देशमुख ओरडले, “जय भीम!” आणि त्याच वेळी वाघमारे गुरुजी ओरडले, “राम राम!”

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना निंदायला आलेली माणसं होती. दोघांनाही घरी बोलणी बसली.

बापूरावांचे वडील म्हणाले, “आपल्या घराण्यात हे कुणी म्हणलं होतं का आजपतूर?”

गुरुजींची मुलं म्हणाली, “बाबा, दिवस कसले चालू हायेत आन् तुमी राम राम घालायलाव?”

दोघांनी घरी एकच उत्तर दिलं: “तो माझं म्हणला, मी त्याचं म्हणलो. त्यात चुकलं कुठं?”

*

आता माझ्या हुशारीचा किस्सा. एकच आहे, तेव्हा सांगून टाकते.

मागं बसलेल्या बाईला पुढचं काही दिसत नाही. पाठ दिसते. ऐकू पण अर्धंच येतं. इंजिनचा आवाज, वारा, त्यात पदराखाली पोरगी किरकिरत असते. एकदा परभणीहून येताना आधी बापूराव गेले, मग गुरुजी, मग रशीदभाई. राम राम झालं, जय भीम झालं, सलाम झाला. मला तिन्ही वेळा एवढंच ऐकू आलं:

“...म्!”

घरी येऊन पीठ चाळताना मी म्हटलं, “आवो, शेवटचा ‘म्’ तेवढा ऐकू येतो बघा. राम, भीम, सलाम, सगळ्यांचं शेपूट एकच. मग तेवढंच म्हणा की! हात काढायला नको, वळायला नको, तोंडसुद्धा उघडायला नको.”

ह्यांनी ओठ मिटून म्हणून बघितलं. “म्.”

मग चाळणीकडं बघून पुन्हा म्हणाले, “म्. जमतंय की!”

रशीदभाईंना तर लय आवडलं. “भाभी, एकदम बराबर! मुँह बंद रहता, मच्छर नै जाता.”

फक्त गुरुजींनी अट घातली. म्हणाले, “चालत्या गाडीवर ‘म्’ ठीक आहे, ताई. पण गाडी थांबून स्टँडवर लागली, की ज्यानं त्यानं पूर्ण म्हणायचं. माझा जय भीम मला सहज मिळालेला नाही. तो मी कायमचा अर्धा करणार नाही.”

सगळ्यांनी मान्य केलं. तोच नियम झाला.

*

‘म्’ लय पसरला. मोटारसायकलवाले म्हणायला लागले, दूधवाले म्हणायला लागले. एकदा साथीच्या रोगांची तपासणी करायला जीपमधून एक साहेब आले. फाट्यावर उतरून त्यांनी विचारलं, “या रस्त्यावर घशाचं काही चालू आहे का? मला नऊ जण कण्हताना भेटले.”

घरात मात्र त्रास झाला. मी विचारावं, भाजीत मीठ बरोबर आहे का? हे म्हणणार, “म्.” पोरीला ताप आहे का बघा. “म्.” तुम्ही माझं ऐकताय का? “म्.”

माझ्या सासूबाई म्हणाल्या, “सूनबाई, तू याला वाचवलंस ते बरं केलंस. पण बोलता तरी ठेवायचास!”

*

आता शेवटचा सांगते.

पोरगी तेव्हा वर्षाची होत आली होती. रात्रभर तापली होती. सकाळी तिनं अंगावर प्यायचं पण सोडलं, तेव्हा मी ह्यांना म्हटलं, आत्ताच्या आत्ता परभणीला चला. पुढं डॉक्टरांनी सांगितलं, दात येत आहेत. पण त्या सकाळी ते मला ठाऊक नव्हतं. माझ्या मांडीवर निखारा होता.

अर्ध्या रस्त्यात बैलगाडी आडवी लावलेली. दहा-बारा माणसं, हातात काठ्या. नामांतर नको म्हणणारी. आदल्या दिवशी त्याच ठिकाणी एकाचं डोकं फुटलं होतं, ते गावात सगळ्यांना माहीत होतं. आमच्या मागून बापूराव आले आणि थांबले. पलीकडून, परभणीच्या बाजूनं, गुरुजी आधीच अडवलेले होते. त्यांच्या मागं रशीदभाई, अंड्यांचे रिकामे ट्रे घेऊन.

त्यांच्यातला पुढारी, गळ्यात टॉवेल असलेला, बापूरावांना म्हणाला, “देशमुख, तुमी जावा.” मग आमच्याकडं बघून म्हणाला, “बाईमाणूस हाय, लेकरू हाय. ह्यांना पण जाऊ द्या.”

एकानं बैलगाडी एका बाजूनं थोडी सरकवली. स्कूटर निघेल एवढीच वाट झाली.

मग तो गुरुजींकडं वळला. “ए मास्तर! तू नमस्कार काय म्हणून करतोस ते सांग. मग तुझं बघू.”

आमची स्कूटर चालूच होती. वाट समोर होती. पोरीचा श्वास माझ्या मनगटाला लागत होता, गरम. मी ह्यांच्या पाठीत बोट खुपसलं. चला म्हणून खुपसलं की थांबा म्हणून, ते मला आजही सांगता येणार नाही.

ह्यांनी गाडी हलवली नाही.

गुरुजींनी किल्ली बंद केली. खाली उतरले. स्कूटर मागं ओढून नीट स्टँडवर लावली, हँडल सरळ केलं. वर्गात फळ्यापुढं उभं राहतात तसे उभे राहिले आणि म्हणाले, “जय भीम.”

टॉवेलवाल्यानं काठी दुसऱ्या हातात घेतली.

तेवढ्यात आमच्या मागं फटफटी बंद झाल्याचा आवाज आला. स्टँड खटकन पडलं. बापूराव पुढं आले, त्या टॉवेलवाल्याच्या अगदी समोर, आणि हात जोडून म्हणाले, “जय भीम.”

“देशमुख, तुमी?”

“गाडी स्टँडवर हाय,” बापूराव म्हणाले.

त्याला काही कळलं नाही. रशीदभाईंनी मोपेड स्टँडवर लावली. “जय भीम, पाटील,” ते टॉवेलवाल्याला म्हणाले.

ह्यांनी इंजिन बंद केलं. मी पोरीला घेऊन उतरले, कारण मी उतरल्याशिवाय आमची स्कूटर स्टँडवर चढत नाही. ह्यांनी ती चढवली आणि त्याच्याकडं बघून म्हणाले, “जय भीम.”

मग मी पण म्हटलं. आमच्याकडं बायका रस्त्यात परक्या माणसाला असं काही म्हणत नाहीत. पण सगळ्यांच्या गाड्या स्टँडवर होत्या.

पाच जणांनी नमस्कार केलेला. तो मधोमध उभा. त्यानं मागच्या माणसांकडं बघितलं. ती माणसं बैलांकडं बघत होती. त्यानं बापूरावांकडं बघितलं, मग गुरुजींकडं, मग माझ्या पोरीकडं, का कुणास ठाऊक. गुरुजी त्याच्याकडं बघत तसेच उभे होते, वर्गात उत्तराची वाट बघतात तसे. एकही इंजिन चालू नव्हतं. वारा नव्हता. माझ्या पोरीचा श्वास सगळ्यांना ऐकू येत असेल, इतकं शांत.

त्याचे ओठ हलले. सुरुवातीचं काही बाहेर आलं नाही. ओठ मिटताना शेवटचं तेवढं आलं.

“...म्.”

आणि त्यानं स्वतः जू धरून बैलगाडी पूर्ण बाजूला केली.

तर हे कुणाला सांगाल तेव्हा सोबत एवढा निरोप द्या. समोरच्यानं नमस्कार केला तर उत्तर द्यावं. अर्धं आलं तरी चालतं.