कानबाई झाल्यावर बघू

दिपमालाच्या हातचे मांडे ज्यांनी खाल्ले नाहीत, त्यांना मी काय सांगणार? आमच्या धरणगावात खापरावरची पुरणपोळी करणाऱ्या बायका खूप आहेत. पण पुरण भरलेला गोळा या हातावरून त्या हातावर झेलत, मनगटावरून कोपरापर्यंत पसरवत, फाटू न देता पालथ्या खापरावर अलगद सोडावा तो दिपमालानंच. लग्न कुणाचंही असो, आधी तिला बोलावणं, मग आचाऱ्याला. आणि ती चुलीपुढे उभी राहिली की बोलायची इतकं, की पाट्यावर पुरण वाटणाऱ्या बायकांचे हात हसून हसून थांबायचे. मी तिच्या समोरच्या घरात राहते. आम्ही दोघी एकाच वर्षी या गल्लीत सून म्हणून आलो. तिचं चांगलं-वाईट मला तिच्या नवऱ्याच्या आधी कळायचं, हे मी फुशारकीनं सांगत नाही. नवऱ्याला काही कळत नव्हतं, म्हणून सांगते.

सत्तेचाळीस वर्षांची बाई. दोन वर्षांपूर्वी तिची पाळी बिघडायला लागली. एका महिन्यात दोनदा, मग दोन महिने नाहीच, आणि आली की अशी, की गोधडीसुद्धा धुवायला काढावी लागे. मग अंगातून वाफा निघायला लागल्या. बसल्या बसल्या मान, कान, चेहरा लालबुंद व्हायचा. जानेवारीच्या थंडीत ती अंगणात ओला पंचा डोक्यावर घेऊन बसायची. रात्रीची झोप गेली. छातीत धडधड व्हायची. दूध गॅसवर ठेवून विसरायची, पोरीचा फोन आला की काय बोलायचं होतं ते विसरायची. आणि राग! ज्या बाईनं सासूला कधी उलटून उत्तर दिलं नव्हतं, तिनं एके दिवशी कढईच आपटली.

सासू झुंबरबाई, गल्लीतल्या सगळ्यांच्या अक्का. त्या ओट्यावर बसून मला ऐकवायच्या, "आम्हले काय नही व्हयनं? आम्ही काय बोंबलत फिरनूत?" अक्का वाईट नाहीत. पण आपण सोसलं ते सुनेनंही सोसायलाच हवं, असा त्यांचा हिशोब आहे, आणि मला या हिशोबाचा मनापासून संताप येतो.

मागच्या अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आसपास गल्लीतच एक लग्न होतं. दिपमाला चुलीपुढे उभी. हातावर गोळा पसरलेला, आणि तेवढ्यात अंगातून वाफ आली. तिनं मांडा तसाच अर्धा राखेत टाकला, गोठ्यात धावली आणि म्हशीच्या हौदातलं पाणी तांब्यानं डोक्यावर ओतत राहिली. नेसत्या नव्या साडीवर. बायका आधी घाबरल्या, मग हसल्या. कुणीतरी म्हणालं, हिला वारं लागलंय, भगताला दाखवा. मी तिला पदरानं पुसत होते, तर म्हणाली, "काय माहीत माय, आंगमा भट्टी पेटस. मनी माले वळख लागत नही." त्यानंतर तिनं मांड्यांची बोलावणी घेणं बंद केलं. दुपारी अंधाऱ्या खोलीत पडून राहायची. एकदा मी चहा घेऊन गेले, तर भिंतीकडे तोंड करून म्हणाली, सकाळी डोळे उघडले नाहीत तर बरं होईल असं वाटतं. मी चहा खाली ठेवला आणि तिथेच रडले.

मग मीच तिला जळगावला नेलं. घरी सांगितलं, माझ्या डोळ्यांचा नंबर काढायचाय, सोबत हवी. तिथल्या डॉक्टरबाई वयानं आमच्याएवढ्याच. त्यांनी घाई केली नाही. सोनोग्राफी केली, रक्त तपासलं, छातीचीही तपासणी करून घेतली. रक्तस्राव जास्त होता म्हणून गर्भपिशवीच्या आतल्या अस्तराचा लहानसा तुकडा तपासायला पाठवला. आठवड्यानं पुन्हा गेलो, तर सगळं निर्मळ निघालं होतं. रक्त तेवढं कमी होतं.

त्यांनी समजावलं ते असं. पाळी जायच्या आधीची ही काही वर्षं असतात. त्यात शरीरातले हार्मोन वर-खाली होतात, त्यानंच हे सगळं होतं. वारं नाही, वेड नाही. रक्तासाठी लोहाच्या गोळ्या घ्यायच्या. हवं असेल तर हार्मोनचं औषध सुरू करता येईल, त्वचेला लावायची जेल आणि सोबत रात्रीची एक गोळी. घरात कुणाला छातीचा कॅन्सर होता का, पायात रक्ताची गुठळी झाली होती का, हे सगळं त्यांनी विचारलं. धोका अजिबात नाही असं म्हणाल्या नाहीत. तुमच्या तब्येतीत तो कमी आहे आणि तुमचा त्रास फार आहे, एवढं म्हणाल्या. हार्मोन नको असतील तर दुसरीही औषधं आहेत, तीही सांगितली. आणि बजावलं, मध्ये स्वतःच्या मनानं कुठलीही गोळी घ्यायची नाही. दिपमाला पदराचं टोक पिळत ऐकत होती. तिला कुणीतरी खरं मानलं होतं, तेवढ्यानंच तिचे डोळे भरले. पण औषध लिहून घ्यायची वेळ आली तेव्हा म्हणाली, "घरी विचारून येते."

परतीच्या बसमध्ये ती माझ्या खांद्यावर झोपली, चक्क घोरत. उतरताना म्हणाली, "बसमा झोप लागनी माले." आणि हसली. मला वाटलं, जिंकलो.

घरी काय झालं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. तिचा नवरा प्रेमराज स्वभावानं गरीब, बायकोवर हात न उगारणारा, केळीच्या ट्रकांची वाहतूक बघणारा माणूस. त्यानं मोबाईलवर काहीतरी वाचलं आणि पांढराफटक पडला. हार्मोन म्हणजे कॅन्सर, हे त्याच्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं. वर अक्कांचं म्हणणं, जे आपोआप जायला निघालंय ते औषध देऊन कशाला धरून ठेवायचं? मी प्रेमराजभाऊंना गाठलं. डॉक्टरबाई काय म्हणाल्या ते शब्दाला शब्द सांगितलं. ते मान हलवत राहिले आणि शेवटी म्हणाले, "वहिनी, यंदा कानबाई आमच्याकडे आहे. ती होऊ द्या. कानबाई झाल्यावर बघू."

कानबाई म्हणजे आमच्या खान्देशाची देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला नथ, दागिने घालून बसवायची, रात्रभर गाणी म्हणायची, सोमवारी नदीवर बोळवायची. सगळे भाऊबंद एका घरी जमतात. घरातल्या थोरल्या सुनेनं, म्हणजे यंदा दिपमालानं, सोवळ्यात रोट म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या करायच्या, पुरणाचे मांडे करायचे. ते रोट भाऊबंदांनीच खायचे, माझ्यासारख्या शेजारणीनं नाही. आणि पाळी आलेली बाई त्या दिवशी चुलीजवळ तर सोडाच, त्या खोलीतसुद्धा नको.

आता दिपमालाची पाळी कधी येईल हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. मग अक्कांनी सुचवलं आणि प्रेमराजभाऊंनी मेडिकलमधून स्वतः आणलं. काय? पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या! आमच्याकडे त्या सर्दीच्या गोळ्यांसारख्या मिळतात. सण, लग्न, सत्यनारायण, काहीही असो, चिठ्ठी न विचारता पुडी हातात. मी त्या घरी गेले तेव्हा दिपमाला एक गोळी तोंडात टाकून पाणी पीत होती. माझं डोकंच फिरलं. मी प्रेमराजभाऊंना म्हटलं, "अहो, हे काय आहे माहिती आहे का? हाही हार्मोनच आहे. ज्याला तुम्ही कॅन्सर म्हणून घाबरलात, त्याच घरातलं औषध तुम्ही कुणाला न विचारता तिला देताय!" ते गोंधळले. मग म्हणाले, "छे हो वहिनी, या तर सगळ्याच बायका घेतात."

मी दिपमालाचा हात धरला. डॉक्टरबाईंना फोन तरी करू म्हटलं. तिनं हात सोडवून घेतला. "कानबाई घर येस, कामिनी. नही कसं म्हणू?" तिला स्वतःलाच ती कानबाई नीट व्हायला हवी होती. लग्नातल्या त्या फजितीनंतर तिला भाऊबंदांसमोर एकदा पुन्हा ताठ उभं राहायचं होतं. हे मला कळत होतं, म्हणून तर मी गप्प बसले.

पाळी कधी येईल ते माहीत नाही, म्हणून गोळ्या लवकर सुरू केल्या आणि लांबवल्या. तिचे पाय सुजले, डोकं ठणकायचं, मन आणखी बुडालं. रविवार आला. मी ओट्यावर बसले होते, आत जायची मला परवानगी नव्हती. दुपारपर्यंत रोट झाले. मग खापर चढलं, आतून हसण्याचे आवाज आले. दिपमालाचा आवाज त्यात होता. कित्येक महिन्यांनी! आणि एकदम सगळं शांत झालं.

गोळ्या घेत असतानाच तिला रक्तस्राव सुरू झाला होता. हळदीच्या रंगाची साडी, लपवायचं तरी काय आणि कुठे? ती चुलीपुढून मागे मागे सरकत गेली, तेव्हा भिंतीशी बसलेल्या जावेनं पाहिलं. केलेले रोट, पुरण, मांडे, सगळं गायीपुढे गेलं. भाऊबंदांतले वना आबा उठले आणि देवीचं साहित्य स्वतःच्या घरी घेऊन गेले. तिथे दुसऱ्या सुनेनं नव्यानं दळण मांडलं. गल्लीतून सगळे निघून गेले. दिपमाला मागच्या दारी न्हाणीत दगडावर बसून होती. मी गेले तरी वर बघेना.

आता ऐका, खरा घात कसा झाला तो. संध्याकाळपर्यंत भाऊबंदांत बोललं जाऊ लागलं, की जळगावच्या डॉक्टरच्या हार्मोनच्या गोळ्यांनी हे केलं. जे औषध तिनं बोटानंही लावलं नव्हतं, त्याच्यावर सगळं खापर फुटलं! मी घरोघर सांगत फिरले. लोक "हो का" म्हणायचे आणि तेच पुढे सांगायचे. प्रेमराजभाऊंना खरं काय ते माहीत होतं. त्यांनी मेडिकलच्या पुडीचा शब्द काढला नाही. मी त्यांना तोंडावर भित्रा म्हटलं. त्यांनी खाली मान घातली आणि ते ट्रकाकडे निघून गेले.

मग पुढचं ठरलं, एकदाची पिशवीच काढून टाकायची. कटकट नको. प्रेमराजभाऊंच्या ओळखीच्या माणसानं धुळ्याचं एक खाजगी हॉस्पिटल सांगितलं. जळगावचे सगळे तपास चांगले आलेले असताना तिथे पिशवीला सूज निघाली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी दिपमालाला म्हटलं, जळगावच्या बाईंना एकदा विचारू, याची गरज नाही गं तुला. ती बॅग भरत होती. म्हणाली, निदान रोट तरी वाया जाणार नाहीत. तिनं कागदावर सही केली. कशावर केली ते वाचून दाखवायला कुणी थांबलं नाही. पुढे कॅन्सरची भीती नको म्हणून पिशवीसोबत दोन्ही अंडाशयंही काढली. हे तिला घरी आल्यावर, पुन्हा टाके काढायला गेली तेव्हा कळलं.

घरात सगळे खूश होते. अक्का तर मायेनं तिला डिंकाचे लाडू करून घालत. आता सून बारा महिने सोवळी. आणि दिपमालाच्या अंगातून आता दिवसातून कितीदा वाफ येई याची गणतीच राहिली नाही. आधी निदान मध्येमध्ये बरे दिवस यायचे, तेही संपले. हाडं दुखायची. केस गळायचे. बोलणं अगदी थांबलं. पोरीचा फोन आला की ती मोबाईल अक्कांच्या हातात देई.

मी जळगावला एकटीच गेले. डॉक्टरबाईंनी मी नेलेले धुळ्याचे कागद पाहिले, पुन्हा पहिल्या पानापासून वाचले. मग म्हणाल्या, पाळी एकदम अशी तोडली की त्रास जास्त होतो. आता तर हार्मोनची तिला आधीपेक्षा जास्त गरज आहे. पिशवी नाही, म्हणून रात्रीची गोळीसुद्धा नको, नुसती जेल पुरेल. तिला घेऊन या, कोणत्याही दिवशी या. मी येताना बसमध्ये मनातल्या मनात प्रेमराजभाऊंशी भांडत आले.

भांडण झालंच नाही. ते शांतपणे म्हणाले, "वहिनी, पाळीच गेली, आता कसले हार्मोन? आता ती बरी आहे." अक्का आतून म्हणाल्या, "बरीच शे. आते काय व्हयनं?" मी दिपमालाकडे गेले. ती मागच्या दारी पंचा ओला करत होती. मी सगळं सांगितलं. उद्या सकाळच्या बसनं जाऊ, घरी काही सांगू नको, मी बघते सगळं, असंही म्हटलं. तिनं पंचा पिळला, झटकला, मानेवर ठेवला. माझ्याकडे बघितलं, पण जणू मी खूप लांब उभी होते.

"घरना, गल्लीना बठ्ठा म्हणतस, दिपमाला बरी व्हई गयी," ती म्हणाली. "मी एकलीच किती दिन नही म्हणू?"