राक्षसाला लागलेली नोकरी

बारा ते सोळा वर्षांच्या पोरांसाठी त्या काळी कोणी लिहीत नसे. पऱ्या लहानांना, खून मोठ्यांना आणि मधल्यांना भूमिती, असा शिरस्ता. ही पडीक जमीन मी पहिल्यांदा नांगरली, असं मी चारचौघांत सांगतो. नांगर ओढायला पिंपरीतल्या एका कारखान्याचं अख्खं लेथ खातं जुंपलेलं होतं, हे सहसा सांगत नाही.

सन पन्नास-पंचावन्नचा सुमार. माळावर कारखाने नुकते उगवत होते आणि मी लेथवर लोखंड कातणारा टर्नर होतो. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की मी गोष्ट उघडायचो. चाकणची चौदा वर्षांची पोरगी, तिचं वाहन पंखवाली घोरपड, आणि इंद्रायणीच्या डोहात गावोगावचे आवाज गिळणारा राक्षस. कोंबडा चोच उघडतो, आरवणं गायब. ऐकताना माणसं भाकरीऐवजी बोटं चावत; एकाचं नख अजून उगवायचंय.

ही गोष्ट मी दोनशे पानांत उतरवली. पुण्याचे एक प्रकाशक म्हणाले, "खंडेनवमीला तुमच्याकडे येऊन हस्तलिखित नेतो. रात्री वाचतो. पटलं तर दसऱ्याच्या मुहूर्तावर छपाईचे खिळे जुळवायला घेऊ, दिवाळीत पुस्तक. नाहीतर पुढच्या वर्षी बघू."

खंडेनवमीला लेथ धुऊनपुसून नवरदेवासारखे उभे. झेंडूच्या माळा, हळदकुंकू. आमचे मिस्त्री चाकणकडच्या शेतकरी घरातले. माझ्या हातातलं बाड बघून म्हणाले, "तुजं खरं हत्यार त्येच हाय की. ठिव पूजेत."

मी फुगलो. बाड लेथवर ठेवलं, वर पेन ठेवलं, फूल वाहिलं. नारळ फुटला आणि मला प्रकाशक आठवले. पूजेतलं हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत हलवत नाहीत. मी हळूच हात पुढे केला.

"हात काढ," मिस्त्री म्हणाले. "वर्सभर लेथ रुसला तर तू फिरवणार व्हय हातानं?"

तेवढ्यात काळी टोपी सावरत प्रकाशक हजर. मी सगळं कबूल केलं. ते बाडाकडे बघत राहिले. "उचला म्हणायची माझी प्राज्ञा नाही. आमच्या छापखान्यातले खिळेही आज पूजेतच आहेत. पण वाचल्याशिवाय मी छापत नाही."

"वाचताय कशाला, ऐका की," मिस्त्रींनी त्यांच्याकडे स्टूल सरकवलं.

मी सांगत सुटलो. घोरपड अशी उडवली की पत्र्याचे खिळे ढिले झाले. प्रकाशकांच्या हातातला प्रसादाचा पेढा तिथेच वितळला. शेवटी पोरीनं तलवार उपसली आणि राक्षसाचं मुंडकं उडवलं.

"तसं न्हाई त्ये," मिस्त्री म्हणाले.

"गोष्ट माझी आहे, मिस्त्री."

"असंल. तू घरी गेल्यावर आमी निराळं सांगतो. त्याला मारलं तर पोटातले आवाज बी मेले की, राव. पोरगी त्याला कारखान्यात आणती, भोंग्याच्या नोकरीला लावती. रोज पाळीला त्यो एक एक गावाचा आवाज सोडतो."

मागून कोणीतरी म्हणालं, "आणि ओव्हरटाइमला दोन." सगळे हसले. मी हसलो नाही. माझ्या दोनशे पानांत इतकी शहाणी एक ओळ नव्हती.

प्रकाशकांनी पेढा तोंडात टाकला. "हा शेवट घाला. पहिल्या गाडीनं बाड घेऊन या. उद्याच खिळे जुळवायला घेऊ."

दसऱ्याला उजाडताच मिस्त्रींनी स्वतः बाड उचलून माझ्या हातात दिलं. शेवटचं प्रकरण मी चिंचवड ते पुणे गाडीत लिहिलं. इंजिनाला माझी शाई वाळेपर्यंत दोनदा थांबावं लागलं.

दिवाळीत पुस्तक आलं. नंतरची सगळीच पुस्तकं मी आधी डब्यावर सांगितली, आणि सुट्टी संपायच्या आतच मुद्दाम उठून गेलो, मागे त्यांना हवं ते करू दिलं. पहिल्याची प्रत मिस्त्री दर खंडेनवमीला स्वतःच्या लेथवर मांडत. कोणी विचारलंच तर म्हणत, "आमी लिवलंय. शाई त्याची."