घुंगराला मोळीची गाठ

माझ्या साड्या माझ्यापेक्षा जास्त खुलून दिसाव्यात असं अंग अख्ख्या जामखेड तालुक्यात एकाच माणसाला लाभलं आहे, आणि तो माणूस माझा सख्खा धाकटा दीर आहे. हे मी जळून लिहीत नाही. लग्नानंतरची पहिली काही वर्षं जळत होते, मग नाद सोडला. मी मूळची सोनईची. बागायतातून या कोरड्या रानात सून म्हणून येताना माहेरच्यांनी पाण्याच्या टँकरपासून सासूच्या स्वभावापर्यंत सगळ्याची कल्पना दिली होती, दिराची मात्र कुणीच दिली नव्हती. पहिल्याच सकाळी मी साडी नेसून अंगणात आले, तेव्हा ट्रॅक्टरखाली ग्रीस भरत उताणे पडलेल्या भाऊजींनी डोकं बाहेर काढलं, मला खालून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "वहिनी, राग मानू नका, पन निऱ्या अशा खोचल्यात जसं काय कुनी कुत्रं मागं लागलंय." मग हात साबणानं दोनदा धुऊन, लांब उभं राहून, हवेतल्या हवेत निऱ्या घालून दाखवल्या. त्या दिवसापासून आजतागायत मी त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय शाळेत पाऊल टाकलेलं नाही. मी प्राथमिक शिक्षिका आहे. साहेबांची तपासणी मला सोपी जाते, पण भाऊजींनी नुसतं "हं" म्हटलं की मी घरात जाऊन साडी बदलते.

दिसायला माणूस उंचापुरा. हात नांगरटीनं राठ झालेले, पण त्या राठ हातांच्या नखांना कायम लाल नेलपॉलिश. "काळ्या रानात लाल उठून दिसतो," हे त्यामागचं शेतकी कारण. गावात ट्रॅक्टर पाच-सहा जणांकडे आहेत, पण नांगरायला बोलावणं भाऊजींनाच येतं, कारण त्यांच्या नांगराचं तास कधी वाकडं जात नाही. जे लोक पारावर बसून त्यांच्या चालण्याची नक्कल करतात, तेच मृग जवळ आला की सकाळी सकाळी आमच्या दारात उभे राहतात. तेव्हा भाऊजी त्यांना मुद्दाम थांबवून ठेवतात, केसांना तेल लावतात, आरशात दोन्ही बाजूंनी बघतात आणि मग विचारतात, "कुठलं रान म्हनलात, पाव्हनं?"

या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरच त्यांची कीर्ती उभी आहे. ट्रॉलीचं फाळकं पाडलं की स्टेज तयार. मागं बाभळी, पुढं ढेकळं, आणि मध्ये माझी नऊवारी नेसून भाऊजी लावणी नाचतात. फोन धरून शूटिंग करायचं काम माझ्याकडे. त्यांच्या मते माझा हात सरळ आहे, बाकी माझ्यात कलेचा अंश नाही. हे रील हजारो लोक बघायला लागले, तसा भाऊजींनी एक काळा गॉगल घेतला. रेशन आणायला जातानाही तो लावायचे. का, तर लोक ओळखतात. जामखेडच्या स्टँडवर एकदा अर्धा तास गॉगल लावून उभे राहिले, कुणीच ओळखलं नाही, तेव्हा वैतागून त्यांनी तो काढून खिशात घातला आणि मग मात्र आजूबाजूच्या चार पोरींनी येऊन फोटो काढले. त्यानंतर तो गॉगल कडबा कापताना डोळ्यात कुसळ जाऊ नये म्हणून वापरला जातो.

कीर्ती आली की शिव्याही येतात. त्यांच्या रीलखाली लोक असं काही लिहितात की ते वाचून मला ताप भरायचा. भाऊजींना नाही. ते प्रत्येक शिवीखाली एकच वाक्य लिहितात: "जेवला का?" कर्जतकडचा एक बहाद्दर रोज न चुकता घाण लिहायचा आणि हे रोज न चुकता त्याच्या जेवणाची चौकशी करायचे. एके दिवशी त्यानं शिवी द्यायच्या ऐवजी नुसतं "हो, पिठलं" असं लिहिलं. पुढे त्याच्याच बहिणीच्या हळदीत नाचायची सुपारी आली. भाऊजी नाचून आले, वर त्या बहाद्दराच्या आईला पदर कसा घ्यायचा तेही शिकवून आले.

लाजायचं हे त्यांना कुणी शिकवलंच नाही असं मला वाटतं. मागे सासूबाईंच्या आग्रहावरून मी त्यांच्यासाठी माझ्या मामेबहिणीचं स्थळ काढलं. भाऊजी शांतपणे म्हणाले, "वहिनी, त्या पोरीचं वाटुळं करू नका. मला बाईमानसाची वढ न्हाई. स्थळ बघायचंच असंल तर पोराचं बघा." मी सावरायच्या आत ते पुढे म्हणाले, "अन् नोकरीवाला नको. सारखी बदली हुती." सासूबाई आठवडाभर कुणाशीच बोलल्या नाहीत. भाकरी थापायच्या, पाणी आणायच्या, देवापुढं बसायच्या आणि मधूनच डोळे पुसायच्या. आठव्या की नवव्या दिवशी मला चुलीपाशी बोलावून हळूच म्हणाल्या, "निदान जवळपासचा बघ, बाई. लांब न्हाई द्यायचा मला त्याला."

एवढ्या बिनधास्त माणसाला एकाच गोष्टीची रुखरुख होती, आणि ती म्हणजे आमचे मामंजी, माझे सासरे. मामंजींचं उभं आयुष्य ऊसतोडीत गेलं. दिवाळी झाली की घर बंद करून कारखान्याच्या फडावर जायचं, उसाच्या पाचटाच्या झोपडीत, म्हणजे कोपीत, सहा महिने काढायचे. भाऊजी त्या कोपीतच वाढले. सासूबाई सांगतात, पोरगं असताना त्यांनी सोड्याच्या बाटल्यांची झाकणं सुतळीत ओवली, पायाला बांधली आणि साऱ्या टोळीपुढं नाचायला लागले. सुतळी सुटली, झाकणं घरंगळली, बाया-माणसं खदखदा हसायला लागली. तेवढ्यात मामंजी डोक्यावरची उसाची मोळी टाकून आले. आता पोराला मार बसणार म्हणून सगळे गप्प झाले. मामंजी खाली बसले, झाकणं गोळा केली आणि मोळीला मारतात तशी करकचून गाठ मारून ती पोराच्या पायाला बांधली. "सुटंल ती गाठ कसली," एवढंच म्हणाले आणि फडात निघून गेले. तेव्हापासून भाऊजींच्या पायात घुंगरू मामंजीच बांधतात. हळद असो, जत्रा असो, ट्रॅक्टरवर मागं बसून येतात, गाठ मारतात आणि उठून निघून जातात. नाच संपेपर्यंत लांब, ट्रॅक्टरच्या सावलीला, पाठ करून बसतात. मी सून होऊन आल्यापासून तरी त्यांनी मुलाचा नाच एकदाही बघितला नव्हता. आणि प्रत्येक कार्यक्रमानंतर घाम पुसता पुसता भाऊजी मला विचारायचे, "आबा हुते का वो?" मी म्हणायचे, "ट्रॅक्टरपाशी होते." "बरं," म्हणायचे आणि घुंगरू सोडायला बसायचे.

म्हणून एका टीव्ही वाहिनीच्या नाचाच्या स्पर्धेतून बोलावणं आलं तेव्हा भाऊजींना आनंद झाला तो प्रसिद्धीचा नव्हे. "वहिनी, टीव्ही तर बघत्यात ना आबा! रोज बातम्या लागल्या की खांबासारखं बसत्यात. आता कुठं उठून जातील?" आम्ही तिघं मुंबईला गेलो. मामंजींना नेणं भागच होतं, गाठ कोण मारणार? तिथं कानाला हेडसेट लावलेल्या एका मॅडमनी भाऊजींना समोर बसवून विचारलं, "तुमचा स्ट्रगल सांगा."

"पाऊस पडत न्हाई आमच्याकडं," भाऊजी म्हणाले.

"तसा नाही. मनातला. तुम्ही असे आहात म्हणून वडिलांनी मारलं असेल ना?"

"मारलं की! बैल सोडून दिल्ते मी. गेले लोकाच्या मकंत."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्यांना रडू हवं होतं आणि भाऊजींना ते येत नव्हतं. कुणी हसलं का? हसले. वाईट वाटलं का? वाटलं. मग? "मग काय, नांगराया त्यांच्याच रानात गेलो." मी कोपऱ्यात उभी राहून हसू दाबत होते. शेवटी त्यांनी मामंजींकडे मोर्चा वळवला. वडिलांनी स्टेजवर यायचं, मुलाला मिठी मारायची, "माझं चुकलं" म्हणायचं, असं ठरलं. म्हणजे त्यांनी ठरवलं. संगीत सुरू झालं, मामंजी पटका सावरत आले, खाली बसले, घुंगराला गाठ मारली, ओढून बघितली आणि सवयीप्रमाणे उठून चालायला लागले. मागून कुणीतरी ओरडलं, "बाबा, मिठी! मिठी मारा!" मामंजी थबकले. म्हणाले, "कुनाला? ह्याला? रोज घरीच असतोय की त्यो." आणि बाहेर जाऊन गाडीपाशी बसले. भाऊजी त्या दिवशी असे नाचले की परीक्षक उठून उभे राहिले. मला मात्र दिसत होतं, गिरकी घेताना दर वेळी त्यांची नजर दाराकडे जात होती.

रविवारी संध्याकाळी तो भाग लागला तेव्हा आम्ही टीव्ही उचलून ओट्यावर ठेवला होता. अंगणात सगळं गाव बसलं होतं. पुढं मामंजी, खांबासारखे. आधी करुण सनई वाजली. मग आमचा ट्रॅक्टर, आमच्या बाभळी, सगळं करड्या रंगात. एक जड आवाज सांगू लागला की या कलाकाराला गावानं दगड मारले, आणि जन्मदात्या बापानंही पाठ फिरवली. बरोबर तेव्हाच पडद्यावर मामंजी दिसले, पाठमोरे, वाकून, हळूहळू अंधारात चालत जाणारे. गाठ मारल्याचं कुठंच दाखवलं नव्हतं. ते कापून टाकलं होतं. त्यानंतर कुठे नाच आला, तोही अर्धाच.

अंगणात एकच गिल्ला झाला. "आमी कवा दगड मारले रं?" सगळे एकमेकांना विचारू लागले. दगड मारले नव्हते हे खरंच. बाकी जे मारलं होतं ते काही दगडाहून हलकं नव्हतं, पण तेवढं नेमकं कुणाला आठवेना. भाऊजी खाली मान घालून बसले होते. त्यांना असं बसलेलं मी पहिल्यांदा बघत होते. "आबा," ते म्हणाले, "मी असलं काय बी सांगितलं न्हाई."

"ठावं हाय," मामंजी म्हणाले. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "पाठ लई वाकलीय का गं माझी?"

"नाही हो मामंजी."

"वाकलीय. दिसली की."

तेव्हा भाऊजींनी इतकी वर्षं गिळलेला प्रश्न विचारून टाकला. "मग उठून का जाता दरवेळी?"

मामंजींनी हात लांबवून टीव्ही बंद केला. "एकदा बसल्तो. तू ल्हान हुतास. शेजारी बसलेला तुला काय बाय बोलला. उचलला अन् आपटला. तुजा खेळ मोडाया लागला. तवा म्हनलं, आपून लांबच बसावं. कानावर नको अन् हातून नको." ज्याला आपटलं होतं ते गृहस्थ समोरच बसले होते. त्यांनी मान डोलावून दुजोरा दिला आणि कंबरेवरून हात फिरवला.

त्या साली गावच्या जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे ट्रॉलीचं फाळकं पडलं. मामंजींनी गाठ मारली, ओढून बघितली आणि उठले. मी सवयीनं ट्रॅक्टरकडं जायची वाट मोकळी करून दिली. ते तिकडे गेले नाहीत. अगदी पुढं येऊन मातीतच मांडी घालून बसले आणि मला म्हणाले, "सूनबाई, हिकडनं काढ. तोंड दिसू दे माजं." ढोलकी वाजली. भाऊजींनी समोर बघितलं आणि ज्या माणसाचं तास कधी वाकडं गेलं नाही त्याचा ठेका पहिल्याच पावलाला चुकला. मागून कुणीतरी शिट्टी मारली. मामंजींची मान ताठ झाली, ते मागं वळले, बघितलं, ती शिट्टी कौतुकाची आहे याची खात्री केली आणि पुन्हा पुढं बघत बसले. शेवटपर्यंत हलले नाहीत. कार्यक्रमानंतर भाऊजींनी मला नेहमीचा प्रश्न विचारला नाही. नुसते माझ्याकडे बघून हसले, आणि टीव्हीवाल्या मॅडमना जे कधीच मिळालं नव्हतं ते माझ्या साडीच्या पदरानं पुसलं.

मामंजींना आता खाली बसवत नाही. भाऊजी आधी त्यांच्या पाया पडतात, मग बिचकत आपला पाय बापाच्या मांडीवर ठेवतात. थरथरत्या बोटांनी गाठ नीट बसत नाही, दोन गाणी झाली की सुटते. भाऊजी ती वाकून स्वतः बांधतात, आणि आबांना कळू नये म्हणून प्रेक्षकांना नमस्कार केल्यासारखं करतात.

त्या सकाळी मी काढलेला व्हिडिओ माझ्या फोनमध्ये आहे. एका कडेला नाचणारे भाऊजी, आणि समोर मामंजींचं तोंड. शेकडो रील टाकणाऱ्या या माणसानं तेवढा एक कुठंही टाकलेला नाही. मी एकदा म्हटलं, "भाऊजी, टाका की. तुमचा सगळ्यात चांगला तोच आहे."

ट्रॅक्टरखालून डोकं बाहेर न काढताच ते म्हणाले, "नको, वहिनी. त्याच्याखाली कुनी वंगाळ लिहिलं, तर मला 'जेवला का' इचारता यायचं न्हाई."