निळ्या रंगाचं झाड

पाटोद्याच्या आसपास कुठं जत्रा भरली, की शोभेच्या दारूकामाला सुंदररावच लागायचे. लाल, हिरवा, पिवळा हे रंग त्यांना वडिलांकडून आले होते. निळा मात्र वडिलांनाही साधला नव्हता. पेटवला की पांढरा पडायचा. तो पांढरा पडला, की सुंदरराव पुढच्या वेळी आणखी कडक मसाला भरायचे.

भाची धनश्री बीडला एम.एस्सी. करते. सुट्टीत आली तेव्हा ओट्यावर लॅपटॉप उघडून बसली होती. पडद्यावर दोन-दोन अणूंच्या रेणूंचे तक्ते: कोणती जोडी कोणत्या रंगाचा उजेड देते, दोघांत अंतर किती, जोडी तोडायला ऊर्जा किती लागते.

“मामा, तुमचे रंग हितं हायेत. लाल म्हंजे स्ट्रॉन्शियम आन् क्लोरीनची जोडी. हिरवी बेरियम-क्लोरीनची. निळी तांबं आन् क्लोरीनची.”

“तांबं मी बी घालतोच की.”

“घालता. पन या तिघींत तीच आधी तुटती. तुमी जाळ वाढवता, ती सुटून जाती.”

सुंदररावांनी पडद्यावरच्या तांब्याच्या ओळीवर बोट ठेवलं. “म्हंजे मीच मोडीत होतो व्हय गं तिला.”

मग त्यांनी जाळ मंद करत नेला. दिवस बुडाल्यावर शेतात एकेक नळी पेटवून बघायची. शेवटी निळा आला. खरा होता, पण हलका. बायको सत्यभामाबाई बांधावरूनच म्हणाल्या, “जत्रंत गॅसची शेगडी दावनार का?”

जत्रेत हॅलोजनचा नुसता लखलखाट होता. सगळा झोत जत्रा कमिटीचे अध्यक्ष गहिनीनाथराव यांच्या वाढदिवसाच्या बॅनरवर. त्या उजेडात निळा बुडालाच असता. सुंदरराव त्यांच्याकडं गेले.

“भाऊ, दिवे बंद करा.”

“आन् आमी दिसायचं कसं? उजेड कमी पडतोय का तुमाला?”

“जास्त होतोय.”

गहिनीनाथराव हसले. “करतो. पन मजा न्हाई आली, तर पुढच्या साली दुसरा मानूस बगंन.”

दिवे गेले. “लाइट गेली बे!” कुणीतरी ओरडलं. सुंदररावांनी निळ्या मसाल्याच्या झाडाची, म्हणजे भुईनळ्याची, वात लावली.

झाड हळूहळू फुललं. आवाज नाही, धडाका नाही. अळशीच्या फुलासारखा निळा काळोखात वर चढत गेला आणि खाली ओघळत राहिला.

झाड विझलं. टाळी कुणी वाजवली नाही. हॅलोजनचं बटण दाबायला निघालेल्या लाइटवाल्या बजरंगचा हात गहिनीनाथरावांनी धरला.

“थांब बे,” ते म्हणाले, “डोळ्यात हाय आजून.”